दोन डॉलरचा मका, दोन डॉलरचा गॅस

२००५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला शेतकरी दोन भाव शेजारी शेजारी ठेवून बघत होता. त्याने पिकवलेला मका बुशेलला साधारण दोन डॉलर या भावाने जात होता. बुशेल हे तिकडचं धान्याचं माप. ते सुमारे ३५ लिटरचं असतं आणि त्यात मका २५.४ किलो मावतो. दुसरा भाव प्रोपेनचा होता. हा आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचा वायू. नैसर्गिक वायूची नळी जिथे पोचलेली नाही अशा तिकडच्या खेड्यांत घरामागे त्याची मोठी टाकी असते आणि घर तापवायची भट्टी त्यावर चालते. ऑगस्टच्या अखेरीस कतरिना वादळाने मेक्सिकोच्या आखातातले तेल आणि वायूचे कारखाने बंद पाडले होते आणि सगळ्याच जळणाचे भाव चढले होते. प्रोपेन गॅलनला दोन डॉलरच्या आसपास गेला होता. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर.

दोन डॉलरला पंचवीस किलो मका आणि दोन डॉलरला पावणेचार लिटर गॅस. पुढचे पाच महिने घर गरम ठेवायचं आहे. जाळायचं काय?

त्या वर्षी अनेकांनी मका असं उत्तर दिलं. मका जाळणाऱ्या शेगड्या दुकानांत पुरेनात आणि लोक नावं नोंदवून वाट बघू लागले. धान्याचा दाणा पायाखाली आला तरी उचलून कपाळाला लावणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून कसंसंच होतं. मलाही होतं. पण हा निर्णय मूर्खपणाचा होता की शहाणपणाचा, हे ठरवायला आधी हिशोब यायला हवा. तो अवघड नाही, आणि एकदा समजला की लाकूड, गोवऱ्या, सिलिंडर, वीज, बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) अशा कुठल्याही जळणाला लावता येतो.

किलोचा भाव आणि वाटीचा भाव

आमरसाचा बेत असला की अनुभवी माणूस आंब्याचा किलोचा भाव ऐकून थांबत नाही. साल केवढी, कोय केवढी आणि पिळणाऱ्याच्या हातून रस किती निघणार, हे तो मनात धरतो. त्याला आंबे हवे नसतात, वाटीतला रस हवा असतो. स्वस्त आंबा कोयीचा निघाला तर वाटी महागच पडते.

जळणाचं तसंच आहे. आपल्याला लाकूड किंवा गॅस नको असतो, खोलीत पोचलेली ऊब हवी असते. त्या उबेचं माप म्हणून आपण विजेचं युनिट घेऊ. हजार वॉटची शेगडी तासभर चालली की एक युनिट. त्यात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. पंधरा टक्के ओलावा असलेला मका पूर्ण जळला तर किलोमागे साधारण साडेचार युनिट उष्णता देतो. म्हणजे एका बुशेलमध्ये ११५ युनिटं. प्रोपेनच्या एका गॅलनमध्ये २७. इथेच पारडं झुकलेलं दिसतं, पण अजून रस पिळायचा आहे.

जळणातली सगळी उष्णता खोलीत येत नाही. काही धुराबरोबर धुराड्यातून जाते, काही अर्धवट जळलेल्या धुरात अडकून राहते. जितका हिस्सा खोलीला मिळतो त्याला कार्यक्षमता म्हणतात. चांगल्या मक्याच्या शेगडीची कार्यक्षमता साधारण ७५ टक्के धरू, चांगल्या गॅसभट्टीची ९० टक्के. मग बुशेलभर मक्यातून खोलीला मिळतात ८६ युनिटं आणि गॅलनभर प्रोपेनमधून २४. दोन डॉलरला या दोन्ही आकड्यांनी भागा. मक्याची ऊब युनिटला २.३ सेंट पडली, गॅसची ८.३ सेंट.

बाकीच्यांनाही याच रांगेत उभं करू. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती विजेचा सरासरी दर युनिटला साडेनऊ सेंट होता, आणि विजेच्या कॉइलमधली जवळजवळ सगळी उष्णता खोलीतच राहते, म्हणून ऊबही साडेनऊ सेंटला. नळीने येणारा नैसर्गिक वायू साडेपाच-सहा सेंट. भट्टीचं तेल पावणेआठच्या आसपास. मक्याच्या जवळपास कुणीच नव्हतं.

आयोवासारख्या थंडीत एका साध्या घराला हिवाळाभर साधारण २३,००० युनिटं ऊब लागते असं धरा. युनिटमागे सहा सेंट वाचले की वर्षाला जवळजवळ १,४०० डॉलर होतात. शेगडी दोन-तीन हजार डॉलरची. दोन हिवाळ्यांत ती फिटते. शेतकरी वेडा नव्हता.

पाण्याचं वजन, पाण्याची वाफ

वर ‘पंधरा टक्के ओलावा असलेला’ असं मुद्दाम लिहिलं. जळणाच्या हिशोबात सगळ्यात जास्त फसवणूक ओलाव्यामुळे होते. पाणी दोनदा नुकसान करतं. एक तर ते वजनात मोजलं जातं, म्हणून जळणाऱ्या वस्तूचा वाटा कमी होतो. दुसरं म्हणजे त्या पाण्याची वाफ करायला उष्णता लागते. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास खर्च होतो आणि ती वाफ धुराड्यातून निघून जाते. निम्मं पाणी असलेलं ओलं लाकूड वाळलेल्या लाकडाच्या जेमतेम निम्मी ऊब देतं, आणि धूर करतं ते वेगळं.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पाळलं जातं. चरकातून निघालेली चिपाडं लगेच चुलवाणात जात नाहीत. ती आधी मोकळ्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवतात, मग जाळाला लावतात. साखर कारखान्याला मात्र वाळवायला ना जागा असते ना वेळ. गिरणीतून निघालेला बगॅस जवळजवळ निम्मं पाणी घेऊनच बॉयलरमध्ये जातो. त्यामुळे त्याच्यात किलोला जेमतेम २.६ युनिटं उरतात. तो फुकट असतो म्हणून परवडतं.

पोटाला कळतं, आगीला कळत नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. मक्याच्या दाण्यात किलोला साडेचार युनिटं. वाळलेल्या लाकडात? चार ते साडेचार. दाणे काढल्यावर उरणाऱ्या कणसाच्या बुरकुंडात? तेवढीच. गव्हाचा पेंढा, पऱ्हाटी, तुराट्या या सगळ्या कोरड्या असतील तर याच आकड्याच्या आसपास फिरतात. असं का?

मक्याच्या दाण्याचा बहुतेक भाग पिष्ट असतो. लाकडाचा आणि ताटाचा मोठा भाग सेल्युलोज असतो. दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या आहेत. फरक आहे तो कडी कशी अडकवली आहे एवढाच. पिष्टातली कडी आपल्या पोटातली पाचकद्रव्यं सोडवू शकतात, म्हणून भाकरी पचते. सेल्युलोजमधली कडी त्यांना सुटत नाही, म्हणून कडबा आपल्याला पचत नाही. गाय-बैलालाही तो स्वतःहून पचत नाही, त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. आग मात्र कडी सोडवत बसत नाही. ती कार्बन आणि हायड्रोजनला हवेतल्या ऑक्सिजनशी जोडते, आणि तो माल दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे. मक्याच्या दाण्यात सुमारे चार टक्के तेल असतं. तेल जास्त उष्णता देतं, त्यामुळे दाणा किंचित पुढे राहतो. तो फरक किरकोळ आहे.

आपल्या वीजकेंद्रांत जळणारा बराचसा देशी दगडी कोळसा किलोला ३,५०० ते ४,५०० किलोकॅलरी देतो. मका ३,९०० च्या आसपास देतो. वजनाला वजन लावलं तर आपला कोळसा आणि मका जवळजवळ बरोबरीचे. देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, मक्यात दीड टक्क्याच्या आत-बाहेर.

मग धान्याचा दाणा आणि पिकाचा टाकाऊ भाग यांत आगीच्या दृष्टीने फरक नसेल, तर लोक दाणाच का जाळतात?

दाण्याची सोय

कारण दाणा वाहतो. पाण्यासारखा नाही, पण नळीतून घसरतो आणि मळसूत्राने पुढे सरकवता येतो. मक्याच्या शेगडीवर एक हौद असतो. त्यातून मळसूत्र फिरत फिरत मोजके दाणे खालच्या लहानशा जळपात्रात टाकतं. पंखा खालून हवा फुंकतो. ज्योत मूठभर दाण्यांवर सतत जळत राहते. दुसरा पंखा खोलीतली हवा गरम नळ्यांवरून फिरवतो. दाणे कमी-जास्त टाकले की ऊब कमी-जास्त होते. सकाळी हौद भरला की दिवसभर बघायला नको.

शिवाय दाणा जागा कमी घेतो. एक घनमीटर मक्याचं वजन सातशे किलोच्या वर भरतं. तेवढ्याच जागेत पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं वजन दीडशे किलोपर्यंतही जात नाही. म्हणजे हिवाळ्याचा पेंढा साठवायला पाचपट गोदाम लागतं, आणि तो शेगडीत आपोआप पडत नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या हे काम करतात, पण भुसा वाळवणं, दळणं, दाबणं याला पैसे पडतात. दाणा रोपानेच घडवून, वाळवून, टरफलात घालून दिलेला असतो. मका जाळणारा माणूस उष्णतेबरोबर ही सोयही विकत घेत असतो. ज्याच्या घरचंच कोठार भरलेलं आहे त्याला तर वाहतूकही पडत नाही.

तरी हे सुख पूर्ण नाही. वर धरलेल्या घराला हिवाळाभर २७० बुशेल मका लागतो. पाच महिन्यांत विभागला तर रोज पंचेचाळीस किलो. तो कोठारातून घरात आणायचा, चाळायचा, हौदात ओतायचा. उंदीर मागोमाग येतात. मळसूत्र आणि पंखे विजेवर चालतात, त्यामुळे बर्फाच्या वादळात वीज गेली की शेगडीही विझते, आणि नेमकी तेव्हाच ती हवी असते. पेरणीचं औषध लावलेलं बियाणं तर चुकूनही जाळायचं नाही. त्यावरचं विष धुरातून बाहेर पडतं.

राखेचा दगड

धान्य आणि लाकूड यांत एका बाबतीत मात्र आगीलाही फरक कळतो. दाणा म्हणजे पुढच्या पिढीची शिदोरी. रोप त्यात पोटॅशियम, फॉस्फरस, नायट्रोजन भरून ठेवतं. जाळताना नायट्रोजनचे काही वायू होतात आणि हवेला तेवढा त्रास देतात. पोटॅशियम आणि फॉस्फरस राखेत उरतात आणि त्यांच्यामुळे राख कमी तापमानालाच वितळते. जळपात्राच्या तळाशी ती चिकटते, थंड झाली की काचेसारखा दगड होतो. भट्टीवाले याला क्लिंकर म्हणतात. हवेची भोकं बुजली की ज्योत मरते. म्हणून मक्याच्या शेगडीत राख ढवळणारा एक दांडा फिरत ठेवावा लागतो आणि क्लिंकर रोज काढावं लागतं. काहीजण मक्यात थोडा शिंपल्यांचा चुरा मिसळतात. त्यातलं कॅल्शियम राखेला लवकर वितळू देत नाही.

धुरात थोडं क्लोरीन आणि गंधकही असतं. ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते धुराड्याचा साधा पत्रा खातं. म्हणून धुराडं स्टेनलेस स्टीलचं लागतं. हे सगळं खर्चात धरायला हवं. दोन डॉलरच्या मक्यात ते सहज बसतं. भाव चढला की बसत नाही.

> चौकट : आपल्या घरी हा हिशोब कसा मांडाल
>
> उबेच्या एका युनिटचा भाव = जळणाचा भाव ÷ (त्यातली युनिटं × कार्यक्षमता)
>
> एका किलोत किती युनिटं? बगॅस (निम्मं पाणी) २.६. वाळलेलं लाकूड ४ ते ४.५. मका ४.५. देशी कोळसा ४ ते ५. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या ५ च्या वर. एलपीजी १२.८.
>
> त्यातलं कामी किती येतं? उघडी चूल १० ते २० टक्के. बंद लोखंडी लाकूडशेगडी ६० ते ७०. मक्याची शेगडी ७५ च्या आसपास. गॅसभट्टी ८० ते ९५. विजेची कॉइल १००. उष्णतापंप २५० ते ३००. हा शेवटचा आकडा चुकीचा नाही. उष्णतापंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेवर अडीच-तीन युनिटं ऊब मिळते.

भाव फिरला

वरच्या सूत्रातून एक सोपा नियम निघतो. एक बुशेल मका हा ऊब देण्यात साधारण साडेतीन गॅलन प्रोपेनच्या बरोबरीचा आहे. म्हणून बुशेलचा भाव गॅलनच्या साडेतीन पटीच्या खाली असेल तोवर मका जाळणं स्वस्त, वर गेला की महाग. २००५ मध्ये हे गुणोत्तर एक होतं.

ते तसं राहिलं नाही. २००५ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने ऊर्जा धोरणाचा कायदा केला आणि पेट्रोलमध्ये इथेनॉलसारखं जैवइंधन मिसळणं सक्तीचं केलं. २००७ च्या कायद्याने ते लक्ष्य आणखी वाढवलं. अमेरिकेतलं इथेनॉल मुख्यतः मक्यापासून बनतं. काही वर्षांतच तिथल्या मक्याचा जवळजवळ ४० टक्के हिस्सा इथेनॉलच्या कारखान्यांकडे जाऊ लागला. शेतकऱ्याला मिळणारा सरासरी भाव २००५-०६ च्या हंगामात दोन डॉलर होता, २००६-०७ मध्ये तीनच्या वर गेला, २००७-०८ मध्ये ४.२० झाला. २०१२ च्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला आणि त्या हंगामाची सरासरी ६.८९ डॉलरवर पोचली.

सात डॉलरच्या मक्याची ऊब युनिटला आठ सेंट पडते. दरम्यान खडकात अडकलेला वायू काढण्याचं तंत्र रुळलं आणि नैसर्गिक वायू स्वस्त झाला. २०१२ मध्ये त्याची ऊब चार सेंटच्या आसपास होती. मोठ्या उत्साहाने घेतलेल्या कितीतरी शेगड्या कोपऱ्यात गेल्या. ज्यांनी दोन वर्षांत खर्च वसूल होईल असा हिशोब केला होता, त्यांचा गुणाकार बरोबर होता. भाव आहे तिथेच राहील असं धरलं, तिथे चूक झाली.

मका आणि तेल यांचे भाव एकमेकांपासून सुटे नाहीत, हे त्यातून दिसलं. तेल महाग झालं की इथेनॉलला मागणी वाढते आणि ती मक्याला वर ओढते. मक्याच्या शेतीतही नैसर्गिक वायू दडलेला आहे, कारण नत्रखत त्यातूनच बनतं. आणि २०१३ च्या शरदात तर एक विलक्षण गोष्ट घडली. मक्याचं पीक भरपूर आलं, पण ओलं आलं. कोठारात भरण्याआधी ते वाळवावं लागलं, आणि मध्य-पश्चिम अमेरिकेत धान्य वाळवायच्या मोठ्या भट्ट्या प्रोपेनवर चालतात. मका वाळवण्यात प्रोपेनचे साठे उतरले. मागोमाग जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि त्या भागात घरगुती प्रोपेन गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. मका तेव्हा साडेचार डॉलरच्या आत आला होता. कोपऱ्यातल्या शेगड्या त्या हिवाळ्यापुरत्या पुन्हा शहाण्या ठरल्या असत्या.

तीस माणसांचं वर्ष

आता मनाला लागणारा हिशोब. २७० बुशेल म्हणजे पावणेसात टनांहून थोडा जास्त मका. माणसाच्या पोटात गेला तर किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी. एका माणसाला रोज २,२०० किलोकॅलरी लागतात असं धरलं, तर एका घराचा एक हिवाळा म्हणजे तीस माणसांचं वर्षभराचं अन्न. आयोवात त्या वर्षी एकरी १७३ बुशेल मका पिकला होता, म्हणजे हे सगळं दीड एकराहून थोड्या जास्त रानातलं पीक.

आयोवातल्या शेतकऱ्याने मका जाळला नसता तर तो तीस भुकेल्या माणसांना पोचला असता, असं मी म्हणणार नाही. तसं घडत नाही. तो मका बहुतेक जनावरांच्या खाद्यात किंवा इथेनॉलच्या टाकीत गेला असता. पण धान्य जाळणं परवडू लागतं तेव्हा बाजारात काहीतरी बिघडलेलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. धान्यामागे बियाणं, खत, डिझेल, वर्षभराची मेहनत आणि पावसाची धास्ती असते. त्याला जमिनीतून उपसलेल्या वायूपेक्षा कमी भाव मिळतो, याचा अर्थ ते पिकवणाऱ्याला त्याच्या कष्टाचं मोल मिळालेलं नाही.

इतिहास याची साक्ष देतो. १९३०-४० च्या दशकातल्या महामंदीत, विशेषतः १९३२-३३ मध्ये, आयोवा आणि आसपासच्या राज्यांत मक्याचा भाव काही ठिकाणी बुशेलला दहा सेंटांवर आला. सारख्या वजनात मका चांगल्या कोळशाच्या साठ टक्के ऊब देतो. मक्याचा भाव वजनाला कोळशाच्या साठ टक्क्यांखाली गेला की कोळसा विकत आणण्यापेक्षा मका चुलीत घालणं फायद्याचं. तिथल्या कुटुंबांनी तसंच केलं. त्याच वर्षांत शहरांतून अन्नछत्रांपुढे रांगा लागत होत्या. दुसऱ्या महायुद्धात अर्जेंटिनात उलट कारणाने तेच झालं. ब्रिटनचा कोळसा येईना आणि धान्य बाहेर पाठवायला जहाजं मिळेनात. तिथे आगगाडीच्या इंजिनांत आणि वीजकेंद्रांत मका जाळला गेला.

स्वीडनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला ओट जाळले जाऊ लागले. तिथे १९९१ पासून कार्बनवर कर आहे, त्यामुळे भट्टीचं तेल महाग होतं आणि ओटांना भाव नव्हता. अडीच किलो ओट म्हणजे एक लिटर तेल, असा तिथल्या शेतकऱ्यांचा तोंडी हिशोब होता. तिथेही २००७ मध्ये जगभर धान्य महागलं आणि मोह ओसरला. शेजारच्या डेन्मार्कने दुसरी वाट धरली. तिथे गव्हा-बार्लीचा पेंढा गठ्ठे करून गावच्या सामाईक तापघरात जाळतात आणि गरम पाणी नळांनी घरोघर जातं. दाणा पोटासाठी आणि पेंढा आगीसाठी, ही वाटणी मला पटते. मोठ्या भट्टीला गठ्ठे खपतात, त्यामुळे पेंढ्याची गैरसोयही तिथे उरत नाही. बुरशी लागलेलं, भिजून कुजलेलं, खाण्याला अपायकारक ठरलेलं धान्य जाळायलाही माझी हरकत नाही. ते धान्य पोटाच्या वाटेवरून आधीच उतरलेलं असतं.

आपल्याकडचा भाव

महाराष्ट्रात घर तापवायची गरज नाही, पण पाणी तापवायची आहेच. मक्याची २०२५-२६ ची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये होती, म्हणजे किलोला २४. पाऊणपट कार्यक्षमतेने मका जाळला तर उबेचं युनिट सात रुपयांना पडतं. तेव्हाचं १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर ८५० रुपयांना धरलं, त्यात १८१ युनिटं, आणि शेगडीवर ६५ टक्के कामी आली, तर युनिट ७ रुपये २० पैशांना. आधारभावाचा मका आणि सिलिंडर जवळजवळ एका रेषेत उभे होते. म्हणजे व्यापाऱ्याने हमीभावाच्या खाली मका घेतला, तर त्याने अन्नाला गॅसपेक्षा कमी लेखलं, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

इथेनॉलची ओढ आता इथेही लागली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणासाठी मक्याला मागणी वाढली. मका निर्यात करणाऱ्या भारताने २०२४ मध्ये तो आयात केला, आणि कोंबडीखाद्य महागल्याची तक्रार कुक्कुटपालक करत राहिले. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले याचा मला आनंद आहे. पण एकच दाणा पोल्ट्री, इंधन आणि ताट अशा तिघांना हवा असेल, तर सगळ्यात कमी पैसेवाला मागे पडतो, हे अमेरिकेच्या भावांच्या आलेखात दिसून चुकलं आहे.

छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नाशिकच्या मकापट्ट्यात मळणीनंतर बुरकुंडांचे ढीग पडतात. शंभर किलो दाण्यामागे साधारण अठरा-वीस किलो बुरकुंडं निघतात. वाळलेली असतील तर त्यात ८० युनिटं उष्णता आहे. बंबाने त्यातला तिसरा हिस्सा जरी पाण्याला दिला तरी २७ युनिटं कामी येतात. साठ लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला पावणेदोन युनिटं पुरतात. म्हणजे एका क्विंटलमागच्या बुरकुंडांवर एका कुटुंबाच्या पंधरा दिवसांच्या आंघोळीचं पाणी तापतं, आणि दाणा पूर्णच्या पूर्ण बाजारात जातो. बंब मात्र धुराडं चढवलेला आणि मोकळ्यावर ठेवलेला हवा. खरिपाची मळणी बहुधा दमट हवेतच होते, त्यामुळे बुरकुंडं आधी दोन-तीन आठवडे उन्हात पसरायला हवीत. ओली बंबात घातली तर डोळे चुरचुरतात आणि पाणी कोमटच राहतं.